आडवी फांदी

"उतारावर पुढचा ब्रेक एकटा दाबू नको," मुकुंद मागून म्हणाला, आणि मी नेमका तोच दाबला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, मागचं उचललं गेलं आणि मी हँडलवरून थेट मुरमाच्या ढिगात जाऊन पडले. तोंडात माती, कोपर सोललेलं, चष्मा कुठेतरी भलतीकडे.

"लागलं काय?"

"नाही."

"दोन्ही ब्रेक एकदम, हलक्या हातानं. आणि दगडाकडे बघत जाऊ नको. दगडाकडे बघितलं की चाक दगडावरच जातं. जायचं असेल तिकडे बघ."

"जायचं तिकडे मुरूमच आहे."

मुकुंद हसला. मग त्याने माझा चष्मा शोधून काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि स्वतःच्या हाताने माझ्या डोळ्यांवर चढवला. बरेच महिने त्याने माझ्या चेहऱ्याला हात लावला नव्हता. मी तशीच मुरमात बसून राहिले, आणि त्या पडण्याचं मला फार बरं वाटलं.

ही जागा म्हणजे नाशिकच्या आमच्या सोसायटीमागचा, बांधकाम अर्धवट सोडलेला प्लॉट. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते, एका शाळेत भूगोल शिकवत होते, आणि कॉलेज सुटल्यापासून सायकलीवर बसलेली नव्हते. या वयात मला डोंगरावरच्या सायकली कशाला सुचाव्यात, असं शेजारणी तोंडावर विचारत. त्यांना मी तब्येतीचं कारण सांगत असे. खरं कारण मुकुंद होता.

निनाद आमचा एकुलता एक मुलगा. हैदराबादला इंजिनियरिंगला होता. तिथे त्याला डेंगी झाला. हॉस्टेलमधून फोन आला तेव्हा आम्ही अकोल्याला होतो. रात्रभर गाडी हाकत पहाटे पोचलो, तर सगळं आटोपलेलं होतं. याहून जास्त सांगणं मला अजून जमत नाही.

त्यानंतर मुकुंदने बदली मागून घेतली आणि आम्ही नाशिकला आलो. इथे आम्हाला कोणी ओळखत नव्हतं, त्याला तेच हवं होतं. आमचं कॉलेजात जुळलेलं लग्न, एकेकाळी रात्र रात्र बोलणारी माणसं आम्ही. आता घरात "गॅस संपला" आणि "मीठ कमी आहे" एवढीच वाक्यं उरली होती. मी निनादचं नाव काढलं की मुकुंद उठून गॅलरीत जायचा. फोटो त्याने कपाटात ठेवला होता. मी एकटी असले की तो काढून बघायची आणि पुन्हा होता तसा ठेवून द्यायची.

मग ऑफिसातल्या कुणीतरी त्याला या सायकलींचा नाद लावला. डांबरी रस्त्याच्या नव्हेत. जाड टायरच्या, पुढे शॉकअप असलेल्या, गाडीवाटांनी आणि गुरांच्या पायवाटांनी डोंगर चढायच्या. दर रविवारी पहाटे तो धरणामागच्या डोंगरात जायचा आणि दुपारी तांबड्या धुळीने माखून परत यायचा. आल्यावर पोटभर जेवायचा. आंघोळ करताना चक्क गुणगुणायचा. सोमवारी उजाडलं की पुन्हा तोंडाला कुलूप. बाईच्या मनात जो संशय आधी येतो, तो माझ्याही येऊन गेला. पण तसं काही नव्हतं. माझ्या नवऱ्याला त्या डोंगरावर काहीतरी मिळत होतं आणि ते घरी मिळत नव्हतं, एवढं मला दिसत होतं. मला त्या डोंगराचा मत्सर वाटायला लागला.

म्हणून मी ठरवलं, हा जिथे माणसात येतो तिथे आपण जायचं. एक रविवार जरी याच्यासोबत मिळाला तरी याचं तोंड उघडेल, आणि एकदा उघडलं की आम्ही दोघं मिळून निनादबद्दल बोलू शकू. मला दुसरं काही नको होतं. शाळेतल्या एका बाईंच्या मुलाची वापरलेली सायकल मी घेऊन टाकली.

ती बघून मुकुंद म्हणाला, "हे काय करून राहिली तू?"

"शिकव मला."

त्याने आढेवेढे घेतले, पण संध्याकाळी प्लॉटवर यायला लागला. शिकवताना तो बोलायचा. चढ लागायच्या आधीच गिअर हलका करायचा, ऐन चढात बदलला तर चेन कुरकुरते. उतारावर सीटवर बसून राहायचं नाही, पेडलवर उभं राहून वजन मागे टाकायचं. वाळूत हँडल आवळून धरायचं नाही, सायकलीला थोडं तिच्या मनाने जाऊ द्यायचं. हे सगळं ऐकताना मी वेड्यासारखी खूश असायची. गुडघे फुटले, पोटऱ्यांना गोळे आले, शाळेत जिना चढताना कठडा धरायची वेळ आली, तरी मी एक संध्याकाळ चुकवली नाही.

पण "रविवारी येते" म्हटलं की त्याचा चेहरा बदलायचा.

"या रविवारचा रस्ता अवघड आहे."

"मग पुढच्या रविवारी?"

"बघू."

पुढच्या रविवारी माझ्या सायकलीचा टायर त्याला झिजलेला वाटला. त्याच्या पुढच्या रविवारी पेढ्याच्या पुड्यासारखं काहीतरी पिशवीत घालून तो मला न उठवताच निघून गेला. ऑफिसातल्या कुणाचं काही असेल, असं समजून मी सोडून दिलं. मग मात्र मी शनिवारी काही बोललेच नाही. रविवारी पहाटे तो खाली उतरला, तेव्हा मी हेल्मेट घालून गाडीशी उभी होते.

"कशाला हट्ट करून राहिली?"

"कोथिंबीर निवडून सांभारवडी केली आहे सगळ्यांना पुरेल अशी. चल, उशीर होतो."

"आम्ही खात नाही तिथे काही."

"तू परत आल्यावर शर्टावर शेव असते, मुकुंद."

त्याने मुकाट्याने माझी सायकल गाडीमागच्या स्टँडवर बांधली. मी मनात म्हटलं, एकदा वर पोचू दे.

डोंगराच्या पायथ्याशी दहा-बारा जण जमले होते. ऋता नावाची एक तरुण दाताची डॉक्टर धावतच आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले.

"काकू, आलात एकदाच्या. किती ऐकलंय तुमच्याबद्दल! वर पोचल्यावर मला सगळं—"

"ऋता, ऊन चढेल," मुकुंद मध्येच म्हणाला. "निघू या आधी, गप्पा मग."

सगळ्यात शेवटी राहणारे कर्पेकाका बँकेतून निवृत्त झालेले, गोल चेहऱ्याचे गृहस्थ होते. सगळ्यांच्या मागे राहायचं, कुणी पडलं-अडलं तर बघायचं, हे त्यांचं काम. त्यांनी मला त्या मंडळींचा रिवाज सांगितला. डोंगरात फाटे फार. जुन्यांना वाट पाठ असते, पण नवं माणूस सोबत असलं की पुढचा फाट्यावर थांबून नको त्या वाटेवर हिरवी फांदी आडवी टाकतो. फांदी असेल ती वाट सोडायची, मोकळी असेल ती धरायची. मागून काका येतात आणि फांदी उचलून कडेला करतात, म्हणजे गावकऱ्यांना अडचण नको.

"फांदीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, वहिनी," काका म्हणाले. "आजवर कुणी हरवलं नाही."

पहिला चढ मी सायकल ढकलतच चढले. दुसरा थोडा पेडल मारत, थोडा ढकलत. मुकुंद माझ्या पुढे होता, काका मागे. इतर केव्हाच दिसेनासे झाले होते. मग मागून काकांची हाक आली. त्यांच्या चाकात बाभळीचा काटा गेला होता. ट्यूब बदलून येतो, तुम्ही व्हा पुढे, म्हणाले.

मुकुंद थांबला. खाली काका सायकल उलटी करत होते. मुकुंदने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू दम खात सावकाश ये," तो म्हणाला. "मी पुढे होतो आणि फाट्यावर फांदी टाकून ठेवतो. फांदी असेल ती वाट सोडायची. लक्षात आहे ना?"

"आहे."

त्याने इतकी काळजी दाखवली म्हणून मला भरून आलं. खरंच सांगते, डोळे ओले झाले.

फाट्यावर पोचले तेव्हा डाव्या वाटेवर निर्गुडीची ताजी फांदी आडवी पडली होती. वाऱ्याने उडू नये म्हणून वर धोंडाही ठेवलेला. ती डावी वाट करवंदीच्या जाळ्यांमधून वर चढत होती. उजवी चांगली रुंद, मोकळी, सरळ उताराची. मला जरा नवल वाटलं, कारण जायचं होतं डोंगरमाथ्यावर. पण पुढे वळून चढत असेल, असं म्हणून मी उजवीकडे वळले.

तो उतार मी झकास उतरले. पेडलवर उभी राहिले, वजन मागे टाकलं, दोन्ही ब्रेक हलकेच धरले आणि दगडांकडे बघितलं नाही. चाकाखालून खडे उडत होते, दात वाजत होते, आणि एका वळणावर मागचं चाक घसरून पुन्हा सरळ झालं तरी मी पडले नाही. निनाद गेल्यानंतर पहिल्यांदा मला आनंद झाला. हे मुकुंदने बघायला हवं होतं, असं सारखं वाटत होतं.

वाट खाली येऊन धरणाकाठच्या डांबरी रस्त्याला मिळाली आणि संपली. तिथे चहाची एक टपरी होती. मंडळींपैकी कोणी नव्हतं. फोनला रेंज नव्हती. मी बाकावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्याच वाटेने कर्पेकाका खडखडत खाली आले.

"भूगोलाच्या बाई वाट चुकल्या?" ते हसत म्हणाले. "चाकाचा माग इकडे वळलेला दिसला म्हणून आलो."

"फांदी डाव्या वाटेवर होती, काका."

"हो, तीच उचलून आलो. पण आपली वाट डावीच. दर रविवारची."

"मग गुरांनी ओढली असेल."

"गुरं वर धोंडा ठेवत नाहीत." ते बोलून गेले आणि मग त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी दोन चहा सांगितले. "मनाला लावून घेऊ नका. मुकुंदरावांचं हल्ली लक्ष कुठे आहे? स्वारी हवेत आहे. असणारच. आम्ही गेल्याच रविवारी पेढे खाल्ले."

"कसले?"

"कसले म्हणजे? मुलाच्या नोकरीचे."

"कुणाच्या?"

काकांना ती थट्टा वाटली. "निनादच्या, अजून कुणाच्या? बंगळूरला लागली ना! वहिनी, एक सांगू? तुमचा मुलगा आम्ही बघितला नाही, पण आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा झालाय. त्याच्या परीक्षा, त्याची ती गिटार, हैदराबादच्या मेसचं त्याला न रुचणारं जेवण. वर बसलो की मुकुंदराव त्याच्याशिवाय दुसरं बोलत नाहीत. मागे डेंगी झाला होता त्याला, तेव्हाचं सांगताना तर आमच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही दोघं रात्रभर गाडी हाकत गेलात. पहाटे पोचलात, वाटलं आता सगळं आटोपलं. आणि बघता तर पोरगं कॉटवर उठून बसलेलं. म्हणालं, आई कुठाय?"

टपरीवाल्याने चहा आणून ठेवला. मी पेला हातात घेतला. तो फार गरम होता, पण खाली ठेवायचं सुचलं नाही.

"असंच झालं ना?" काकांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "उठून बसला होता."

दुसरं काय म्हणणार होते? त्या भल्या माणसाच्या तोंडावर 'नाही' म्हणायचं, तर मला निनादला तिथे त्या बाकावर पुन्हा मारावं लागलं असतं. ते माझ्याने होईना. शिवाय, लाज वाटते सांगायला, पण मला पुढचं ऐकायचं होतं. मी काकांना विचारत गेले आणि ते सांगत गेले. कुठल्या विषयात राहिला होता, मग कसा सुटला. एका मुलीचं नाव हल्ली त्याच्या बोलण्यात येतं म्हणे. माझ्या मुलाबद्दल मी परक्या माणसाकडून चौकशी करत होते, आणि त्यांना वाटत होतं, आईला कौतुक ऐकायला आवडतं.

मुकुंद एकटाच खाली आला. आम्हाला दोघांना एका बाकावर बघितलं आणि सायकलीवरून उतरलाच नाही, एक पाय टेकून उभा राहिला.

"काय मुकुंदराव," काका म्हणाले, "बायकोलाच वाट चुकवता?"

"गुरांनी सरकवली असेल फांदी."

"असेल," मी म्हटलं. डबा उघडून काकांपुढे धरला. "घ्या ना, काका. सांभारवडी. निनादला फार आवडते."

मुकुंदने मान खाली घातली. त्याला कळलं.

तसेच आम्ही घरी परतलो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याने सायकली खाली उतरवल्या, माझी भिंतीला टेकवली, आणि पाठमोराच बोलायला लागला.

"ठरवून नाही केलं. पहिल्याच रविवारी त्या ऋताने विचारलं, मुलं किती. म्हटलं, एक. काय करतो? तोंडातून गेलं, शिकतो. पुढच्या रविवारी तिनं विचारलं, परीक्षा झाली काय त्याची? मला इतकं बरं वाटलं. कुणीतरी त्याची परीक्षा विचारून राहिलं होतं."

"आणि पेढे?"

"त्याच्या वर्गातल्या सगळ्या पोरांना यंदा नोकऱ्या लागल्या."

मी चिडले की आमची अकोल्याची बोली वर येते. "अन् मी?" मी म्हटलं. "मी नाव घेतलं की तू गॅलरीत जातो. मी चोरासारखी कपाटातून फोटो काढून बघून राहिली. अन् तू तिकडे त्याला पास करतो, नोकरीला लावतो. पोरगी बघून दिली म्हणे त्याला. जिवंत तेवढा तू घेतला, मुकुंद. मेलेला माझ्या वाट्याला ठेवला."

तो माझ्या सायकलीच्या चाकावरची माती नखाने काढत राहिला.

"मलाही सांग," मी म्हटलं.

"काय?"

"बंगळूरला कुठे राहतो तो? खोली कोणासोबत घेतली? जेवायचं काय करतो? त्या पोरीचं नाव काय? सांग ना. मी ऐकते. मी काही म्हणणार नाही."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, सांगेल. पार्किंगमधल्या पायरीवर बसून तो सांगेल आणि मी ऐकेन, आणि मग हळूहळू आम्ही खरंही बोलू. याच्याचसाठी मी हातपाय फोडून घेतले होते.

"नाही जमणार," तो म्हणाला. "तुला माहीत आहे ना तो गेला म्हणून. तू समोर असली की मला तो दिसतच नाही. म्हणून तर तुला आणत नव्हतो. आता तू तिथेही आली. संपलं ते."

"म्हणजे मी मारला त्याला?"

"असं मी म्हटलं नाही."

पण 'नाही' असंही म्हटलं नाही. सायकल तिथेच सोडून तो वर गेला.

त्यानंतर मुकुंद डोंगरावर गेला नाही. त्याची सायकल पार्किंगमध्ये धूळ खात पडली आणि पुढे भंगारवाल्याला दिली. पण पुढच्या रविवारी पहाटे मी उठले, डबा भरला आणि एकटी गेले. मंडळींना सांगितलं, मुकुंदचे गुडघे दुखतात. डावी वाट धरून माथ्यावर पोचले. सगळे गोलाकार बसले, ऋताने माझ्या हातात चहा दिला आणि विचारलं, "काकू, निनाद काय म्हणतो?"

"बरा आहे," मी म्हटलं. "खोली बदलली त्याने."

याला आता बरीच वर्षं झाली. मी अजून जाते. उतार सफाईने उतरते, नव्या बायकांना शिकवते. निनादची बढती झाली. मध्ये जर्मनीला जाऊन आला. लग्नाचं सगळे विचारतात, त्यांना सांगते की हल्लीची मुलं ऐकत नाहीत, आम्ही आग्रह करत नाही.

दुपारी मी घरी येते तेव्हा दार मुकुंदच उघडतो. हातात पाण्याचा तांब्या देतो आणि काहीतरी विचारायचं असल्यासारखा समोर उभा राहतो. मी पाणी पिते आणि आंघोळीला जाते.